मुंबई बंदराचें पहिलें भांडवल

मुंबईचें बंदर निसर्गानें दिलें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तें खरेंच आहे. पण बंदराचा कारभार पाहणारी संस्था कांहीं निसर्गानें दिली नाहीं. ती उभी करावी लागली, आणि तिच्यासाठीं पैसा कोठून आणावा हें कोडें धक्क्याच्या दगडांपेक्षांहि जड होतें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. मुंबईंत पैशाचा पूर आला. त्या पुरांत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बंदराच्या दृष्टीनें त्यांतली महत्त्वाची म्हणजे एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. आगगाडीच्या स्थानकासाठीं १०० एकर जमीन भरून द्यावी आणि मोबदल्यांत २५० एकर भरून स्वतःकडे ठेवावी, असा १८६२ सालीं तिचा सरकाराशीं करार झाला. कागदावर सौदा मोठा गोड दिसतो! परंतु १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस गडगडला आणि शेअरांना रद्दीचा भाव आला. कंपनी अडचणींत सांपडली. शिवाय सरकारच्या ध्यानांत आलें कीं, शहराचा पूर्व किनारा एका खासगी कंपनीच्या मुठींत गेला, तर माल उतरविण्याचें मोल तीच ठरवील. शेवटीं १८७० सालीं सरकारनें तिची मालमत्ता विकत घेतली.

१८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्याला खजिन्यांतून देणगी मिळाली असें मात्र कोणी समजूं नये. खरेदी केलेली मालमत्ता ट्रस्टच्या स्वाधीन झाली आणि तिची किंमत त्याच्याच नांवावर कर्ज म्हणून मांडली गेली. मालावरील आकार व जमिनीचें भाडें यांतून त्यानें व्याज भागवावयाचें. माणूस तीन ऋणें घेऊन जन्मतो, असें आपलीं शास्त्रें सांगतात. या बाळाला चौथेंहि होतें, आणि तें व्याजी होतें.

त्यांतच खासगी धक्क्यांचे मालक शेजारीं होतेच. ट्रस्टला व्याजासाठीं दर राखणें भाग. त्यांना तसें बंधन नव्हतें. व्यापारी कोणाच्या कर्जाची कींव करून माल उतरवीत नसतो. धंदा तिकडे वळला आणि ट्रस्टचा आरंभींचा हिशेब जुळेना. मग ते धक्केहि विकत घेणें आलें, म्हणजे कर्ज फेडतां यावें म्हणून आणखी कर्ज! माझ्या मतें, किनारा आधीं पुरा ताब्यांत घेऊन मग ट्रस्ट स्थापिला असता, तर हा फेरा चुकला असता. १८७५ सालीं पुरी झालेली ससून गोदीहि १८७९ सालीं ट्रस्टनें घेतली.

किनारा हातीं आल्यावर चित्र पालटूं लागलें. तोंपर्यंत मोठीं जहाजें दूर नांगरून राहत व माल पडावांतून धक्क्यावर येई. १ जानेवारी १८८० रोजीं प्रिन्सेस डॉक उघडला, आणि जहाजें थेट भिंतीला लागूं लागलीं. त्या पाठोपाठ १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक झाला. कोळ्यांच्या होड्या ज्या किनाऱ्यावर लागत, तो किनारा या साऱ्या खटाटोपांत भरून निघाला. त्याची किंमत कोणत्या खात्यावर मांडावी, हें मात्र कोणी विचारलें नाहीं. पुढें कापसासाठीं बांधलेल्या ससून गोदींत मासळीचा बाजार भरूं लागला. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या तर आपल्याच काळांत, पेट्यांचा माल ठेवण्यास जागा हवी म्हणून, पुन्हा भरून टाकण्यांत आल्या. आणि २०२१ सालच्या कायद्यानें ट्रस्ट जाऊन मुंबई बंदर प्राधिकरण आलें.