ग्रामआरोग्य सेविका, जामखेड

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड परिसरात १९७० नंतर तयार झालेली, स्वतःच्या गावात राहून आरोग्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची फळी. या सेविका समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाशी जोडलेल्या आहेत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पहिल्या पिढीतील बहुतेक सेविका निरक्षर होत्या. त्यांत दलित आणि भूमिहीन घरांतल्या, विधवा व नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियाही होत्या. प्रकल्पाचे श्रेय साधारणपणे आरोळे दांपत्याला दिले जाते. ते रास्तच आहे. मात्र गावोगावचे रोजचे काम या बायकांनी केले आणि जामखेडचे वेगळेपणही त्यांच्यातच आहे.

आरोळे दांपत्याचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. नगर जिल्ह्यातच वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बऱ्या होऊन घरी गेलेल्या रुग्णांना तोच आजार घेऊन परत येताना त्यांनी पाहिले. जुलाब, खरूज, कुपोषण, धनुर्वात, बाळंतपणातले मृत्यू यांवरचा इलाज रुग्णालयाच्या खाटेवर नसून गावातले पाणी, अन्न आणि समजुती यांत आहे, अशी त्यांची खात्री पटली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि त्यांनी जामखेड निवडले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी याच तालुक्यात आहे. पण त्या काळी तालुक्याची ओळख होती ती दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांमुळे. १९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती.

सुरुवातीची योजना वेगळी होती. गावात प्रशिक्षित परिचारिका ठेवायची, तिने घरोघर जायचे आणि डॉक्टरांच्या पथकाने ठरलेल्या दिवशी फेरी मारायची, अशी ती आखणी होती. ती फसली. शिकलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहायला तयार होईना आणि राहिली तरी गाव तिला आपली मानीना. बाळंतिणीला काय खाऊ घालावे हे विशीतल्या अविवाहित मुलीने सांगितले, तर घरातली सासू ते कशाला ऐकेल? मग गावातलीच एखादी पोक्त, लेकुरवाळी बाई शिकवून तयार करावी, हा विचार पुढे आला. तिची निवड गावाने करायची, डॉक्टरांनी नाही, असे ठरले. ही अट दिसते त्याहून महत्त्वाची होती, कारण निवड करताना गावालाही तिच्या कामाची जबाबदारी उचलावी लागली.

निवडलेल्या बायका दर आठवड्याला दोन दिवस जामखेडला येत आणि उरलेले दिवस गावात काम करीत. आठवड्यात जे अडले ते पुढच्या वर्गात बोलून निघे. लिहिता-वाचता येत नसल्याने सगळे शिक्षण बोलण्यातून, चित्रांतून, गाण्यांतून आणि प्रत्यक्ष रुग्ण दाखवून होत असे. आधी शिकवावे लागले ते स्वतःचे नाव मोठ्याने सांगायला. अमक्याची आई, तमक्याची बायको याखेरीज ओळख नसलेल्या बाईला चारचौघांत बोलते करण्यात प्रशिक्षणाचा मोठा वेळ जाई आणि मेबल आरोळे तो जाणीवपूर्वक देत. जातीचा प्रश्न भाषणाने सुटणारा नव्हता. म्हणून मुक्कामाला आलेल्या सगळ्या जातींच्या बायकांना एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपण्याची सोय करण्यात आली. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण हे त्याच्याच बरोबरीने आले.

गावातले काम औषधांच्या पेटीपेक्षा समजुतींशी अधिक भिडणारे होते. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान होऊन सुटका सोपी होते, बाळंतिणीचा पहिला चीक बाळाला देऊ नये, नाळ विळ्याने कापावी, जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडावे, गोवर हा देवीचा कोप म्हणून त्यावर औषध नको, असे आडाखे घराघरांत होते. सेविका स्वतः याच समजुतींत वाढलेली, त्यामुळे त्या कुठे चिवट आहेत आणि कुठे सैल, हे तिला ठाऊक असे. ती गरोदर बायांची नोंद ठेवी, धनुर्वाताची लस टोचून घ्यायला लावी, स्वच्छ पाते आणि निर्जंतुक दोरा वापरून बाळंतपण करी, अडलेली बाई वेळेत जामखेडला धाडी. जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे हे ती चुलीपाशी बसून करून दाखवी. मुलांची वजने ती घेई, आणि अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोग ओळखण्याचे कामही तिचेच. चट्टा दाखवायला पुरुष डॉक्टरपुढे न जाणारी बाई शेजारणीला तो दाखवी. रोग लवकर सापडण्यामागचे हे साधे कारण होते.

सेविकेला मिळणारे मानधन अगदी तुटपुंजे होते, कारण हे काम नोकरी होऊ नये अशी प्रकल्पाची भूमिका होती. तिच्या पोटापाण्यासाठी शेळीपालन, बांगड्या किंवा भाजी विकणे अशा छोट्या व्यवसायांना कर्ज मिळवून देण्यात आले. बांगड्या विकणारीला कुठल्याही घरात मुभा असे आणि आरोग्याच्या चार गोष्टीही त्या निमित्ताने होत. तरीही सामाजिक कामासाठी गरीब बाईने जवळजवळ फुकट राबावे, या अपेक्षेवर टीका होत आली आहे आणि ती सहज झटकून टाकता येणारी नाही.

सेविका एकटी पडली असती तर प्रयोग फार टिकला नसता. तिच्या पाठीशी गावात दोन संघटना उभ्या राहिल्या: पुरुषांची तरुण शेतकरी मंडळे आणि नंतर महिला मंडळे. पुरुष आधी संघटित झाले, ते व्हॉलीबॉल आणि शेतीच्या निमित्ताने. १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खोदण्यात आल्या, तेव्हा हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे तर सवर्णांना तिथे जावे लागले, आणि दुष्काळात नाही म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती. महिला मंडळांतून बचत, बँकेचे कर्ज, शोषखड्डे, वृक्षलागवड असे काम सुरू झाले. पुढे बालविवाह, नवऱ्याची मारहाण, विधवेला मिळणारी वागणूक या गोष्टीही तिथे उघडपणे बोलल्या जाऊ लागल्या. काही सेविका सरपंच झाल्या.

आकडे बोलके आहेत. १९७६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ वर आले. प्रसूतिपूर्व तपासणी आधी जवळजवळ कुणाचीच होत नसे, ती ८० टक्के गरोदर स्त्रियांपर्यंत पोहोचली. जन्मदर हजारी ४० वरून ३४ झाला. हे प्रकल्पाचे स्वतःचे आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अभ्यासात शेजारच्या गावांशी तुलना करण्यात आली. जन्मानंतरचा पहिला महिना उलटल्यावर पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका जामखेडच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या महिन्यातील मृत्यू रोखण्यात मात्र असा ठळक फरक दिसला नाही. नवजात बालकांच्या घरच्या घरी देखभालीचा प्रश्न पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हाती घेतला. तिथेही काम केले ते प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनीच. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जामखेडचे नाव लवकरच देशाबाहेर गेले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यप्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. प्राथमिक आरोग्यसेवेवरची आल्माआटा परिषद १९७८ ची. त्यामागच्या वैचारिक तयारीत अशा प्रयोगांचा वाटा होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ या सेविकेने वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली: देखणी, महागडी आणि हाताला न लागणारी. मग पिशवीतून वातीचे दोन दिवे काढून एकाने दुसरा पेटवला आणि सेविकांचे काम असे चालते, हे दाखवून दिले. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. त्यानंतर प्रकल्पाची धुरा त्यांच्या मुलांनी सांभाळली. जामखेडला देशोदेशीचे आरोग्य कार्यकर्ते प्रशिक्षणासाठी येत आले आहेत आणि त्यांना शिकवणाऱ्यांत जुन्या सेविकाही असत. शाळेची पायरी न चढलेली बाई पदवीधर डॉक्टरांना गावाचे आरोग्य समजावून सांगते, हा प्रसंग जामखेडला पाहुण्यांना मुद्दाम दाखवला जात नसे. तो तिथला नित्यक्रम होता.

सरकारी पातळीवर या कल्पनेचा प्रवास आडवळणाचा झाला. केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू केली, पण निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते आणि योजना हळूहळू निस्तेज झाली. छत्तीसगडमध्ये २००२ च्या सुमारास 'मितानिन' हा स्त्री-कार्यकर्त्यांचा कार्यक्रम उभा राहिला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' स्वयंसेविका आल्या. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. गावातलीच स्त्री आणि घरोघरचा संपर्क एवढे जामखेडकडून घेतले गेले. दर आठवड्याचे प्रशिक्षण आणि गावाची भक्कम संघटना मात्र मागे राहिली, आणि कागदपत्रांचे ओझे वाढत गेले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. सरकारी दप्तरी मात्र आशा अजूनही कर्मचारी नसून स्वयंसेविकाच आहेत, आणि सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा व निश्चित वेतन या मागण्यांसाठी महाराष्ट्रातील आशांनी वेळोवेळी संप केले आहेत.