श्रवणाचा अधिकार

नवविधा भक्तीची गणना करताना आपल्या परंपरेने पहिले स्थान श्रवणाला दिले आणि देवळाच्या सभामंडपात, नदीच्या घाटावर, गावच्या पारावर कीर्तन-पुराणांचा जो पाठ शतकानुशतके चालत आला, त्याने अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बहुश्रुत होण्याची वाट मोकळी ठेवली. तथापि या श्रवणाला दोन मर्यादा होत्या. व्यासपीठावरून उच्चारलेल्या शब्दाविषयी शंका घेण्याची मुभा श्रोत्याला सहसा नव्हती. आणि ज्यांच्या कानी वेदाचा शब्द पडणेही निषिद्ध मानले गेले, असा फार मोठा समाज सभामंडपाच्या बाहेरच उभा होता. एकोणिसाव्या शतकात जाहीर व्याख्यानाची जी प्रथा आपल्याकडे रुजली, तिचा इतिहास हा या दोन मर्यादा हळूहळू ओलांडल्या गेल्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या परिसरात १८४८ साली ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या सभांतून इंग्रजीत निबंध वाचले जात. परंतु ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी या विद्येला पारखे का व्हावे, या विचारातून तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे आले, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते, त्यांच्याच देखरेखीखाली ती भाषा आता नव्या शास्त्रांचा भार पेलू लागली. इंग्रजी ग्रंथात एकट्याने वाचून समजलेली गोष्ट समोर बसलेल्या मराठी मंडळींना समजावून सांगायची, तर प्रत्येक संज्ञेला घरचा शब्द शोधावा लागे, आणि तो श्रोत्याच्या चेहऱ्यावर उमटला नाही तर बदलावा लागे. पुढे १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने या उद्योगाला छापील रूप दिले. आपल्या शास्त्रीय गद्याची घडण अशी केवळ लेखणीने नव्हे, कानांनीही केली आहे.

शंकेचा अधिकार मात्र उघड्या वाळूत मिळाला. जकात खात्यातील चाकरी सोडून संन्यस्त वृत्तीने हिंडणारे विष्णुबाबा ब्रह्मचारी १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करू लागले. त्या वादात कोणाची सरशी झाली यापेक्षा, धर्मासारख्या विषयावर प्रश्न विचारावा, उत्तराची वाट पाहावी आणि ते पटले नाही तर पुन्हा विचारावे, ही रीत सामान्य लोकांनी तेथे उभे राहून पाहिली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

न्यायखात्याच्या हुद्द्यावर १८७१ साली पुण्यास आलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी या विखुरलेल्या प्रयत्नांना नियमाची चौकट दिली. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने वक्तृत्वोत्तेजक सभेची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी रानडे प्रभृतींच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वतींचीही व्याख्याने पुण्यात झाली. उन्हाळ्याच्या दिवसांत रोज सायंकाळी एक वक्ता, एक विषय आणि एक अध्यक्ष, ही साधी तजवीज पिढ्यानुपिढ्या टिकली, आणि तिच्या अनुकरणाने तालुक्याच्या वाचनालयांतूनही व्याख्यानमाला भरू लागल्या.

अशाच एका वाचनालयाच्या अंगणात, सतरंजीच्या कडेला बसून, मी लहानपणी ग्रहणावरील व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी मेजावर कंदील ठेवला, एका हाती मोसंबे आणि दुसऱ्या हाती सुपारी घेऊन सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची जागा दाखवली, आणि आता सारे समजले असे आम्हांस वाटत असतानाच मागच्या बाजूने एक वृद्ध तांबट उठून म्हणाले, “मग गुरुजी, दर अमावास्येला ग्रहण का लागत नाही?” वक्ते क्षणभर थांबले, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या तांबटबुवांनाच पुढे बोलावले, त्यांच्या हातात तारेची दोन कडी दिली, एक कडे दुसऱ्यात किंचित तिरपे धरावयास लावले आणि सांगितले की, चंद्राची कक्षा अशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. दोन्ही कडी जेथे एकमेकांना छेदतात, त्या दोन बिंदूंच्या जवळपास चंद्र असेल तरच सावली पडते, आणि आपल्या ज्योतिषात त्या बिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. ज्या नावांची आम्हांला भीती घातली जाई, ती नावे त्या सायंकाळी एका कारागिराच्या बोटांत, दोन तारांच्या सांध्यावर येऊन बसली. प्रश्न विचारला गेला नसता, तर राहू-केतू त्या व्याख्यानात आलेच नसते.

दुसरी मर्यादा अधिक कठीण होती, कारण या सभांतून प्रारंभी प्राधान्याने उच्चवर्णीय सुशिक्षित पुरुषच बसत. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या द्वारे स्त्रियांना वक्त्याचे आणि श्रोत्याचेही स्थान लाभू लागले. आणि १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या एकशेएकाव्या जन्मदिनी, त्यांनीच स्थापिलेल्या डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात ‘रानडे, गांधी आणि जिना’ या विषयावर बोलावयास उभे राहिले. ज्यांच्या पूर्वजांना श्रवणाचीही बंदी होती, ते आता बोलत होते आणि पुणे ऐकत होते. रानड्यांच्या थोरवीचे मोजमाप करतानाच त्यांनी विभूतिपूजेवर कठोर प्रहार केला. उत्सवमूर्तीलाही तर्काच्या तराजूत तोलावे, हीच त्या दिवसाला साजेशी आदरांजली होती; कारण तांबटबुवांच्या प्रश्नामागे जो अधिकार होता, तोच तेथे त्याच्या पूर्ण उंचीने उभा होता.