एकच नत्र, दोन कुरणे : रॉथमस्टेडचा प्रयोग

इ. स. १८५६. इंग्लंडमधील हार्पेंडेन येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी सुमारे ७ एकरांचे एक जुने कुरण तुकड्यांत विभागले. प्रश्न निव्वळ व्यवहारी होता : कोणत्या खताने वाळले गवत अधिक मिळेल?

नत्र तेव्हा दोन वाटांनी येई. अमोनियम सल्फेट हे दगडी कोळशापासून दिव्यांचा वायू करणाऱ्या कारखान्यांचे उपउत्पादन. सोडियम नायट्रेट हा अटाकामाच्या वाळवंटातून जहाजांनी येणारा क्षार. (या क्षारावरून १८७९ मध्ये पेटलेले युद्ध हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

दोन्हींनी गवत वाढले. परंतु अवघ्या २-३ वर्षांत तुकड्यांचे रूपच पालटू लागले. मातीतील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल सुटते. हे दशकानुदशके घडत गेले आणि अमोनियमच्या तुकड्यांत मातीचा सामू ४ च्याही खाली उतरला. गांडुळे नाहीशी झाली, न कुजलेल्या गवताचा थर साचला. सर्वाधिक मात्रेच्या, चुना न दिलेल्या जागी जेमतेम २-३ जाती तगल्या. नायट्रेटच्या तुकड्यांत असे आम्ल साचलेच नाही. बिनखताच्या जमिनीत मात्र ३५ हून अधिक जाती, पण उत्पन्न तुटपुंजे!

माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल त्याच्या चिकाटीत आहे. पाच-सात हंगामांत तो गुंडाळला असता, तर मातीचे हे आंबणे कुणाच्या हिशेबातच आले नसते. १९०३ पासून काही भागांना नियमित चुना मिळू लागला, आणि तेथे हरवलेल्या काही जाती परतल्या. कापणी आजही होते.