गव्हाचें औषध व गव्हाचें अन्न



1964 सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यांत महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी काढली आणि पुढें आमचें गांव बियाण्यांचें शहर म्हणून प्रसिद्धीस आलें. औषध लावलेलें रंगीत बियाणें येथील मुलांनाही परिचयाचें आहे. त्या औषधामागील हकीकत आज सांगावयाची आहे.

गव्हावर काणी पडली म्हणजे ओंबींत दाण्याच्या जागीं काळी, कुजट वासाची भुकटी भरते. ही करणी एका सूक्ष्म बुरशीची आहे, असें फ्रान्समधील बेनेदिक्त प्रेव्हो यानें 1807 सालीं दाखविलें. तांब्याच्या भांड्यांतील पाण्यांत तिचीं बीजें नीट रुजत नाहींत, हें त्याच्या ध्यानांत आलें. आणि त्यांतून बियाण्यास मोरचुदाचा उपाय निघाला.

काजळी मात्र दाण्याच्या पोटांत लपते. तेथवर मोरचूद पोंचत नाहीं. म्हणून 1934 सालीं पंजाबांत लुथरा व सत्तार यांनीं बियाणें भिजवून कडक उन्हांत तापविण्याची रीत सांगितली. 1966 सालीं कार्बॉक्सिन पुढें आलें. तें रोपांत शिरून आंतील बुरशी मारतें.

या दोहोंच्या दरम्यान पाऱ्याचीं औषधें फार चाललीं. त्यांचें मोल इराकनें दिलें. 1971 सालीं तेथें पाऱ्याचें औषध लावलेला परदेशी गहू बियाण्यासाठीं आला. पुष्कळांच्या हातीं तो पेरणी आटोपल्यावर पडला. पोत्यांवरील सूचना परक्या भाषेंत होत्या. लोकांनीं तांबडा रंग धुतला आणि भाकरी केल्या. रंग गेला, विष राहिलें. 6,530 माणसें रुग्णालयांत आलीं. त्यांतील 459 दगावलीं.

त्याच सुमारास, 1972 च्या दुष्काळांत, आमच्या घरीं औषध लावलेलें बियाणें पेरणीवांचून पडून होतें. आजी म्हणाली, “धुवून दळूं या, लेकरें उपाशी आहेत.” वडिलांनीं तें बांधाशीं खोल पुरलें. आजी कित्येक दिवस त्यांच्याशीं बोलली नाहीं. वडिलांनीं नाहीं म्हटलें, पण कां, तें तिला कोणींच समजावून सांगितलें नाहीं.

म्हणून विनंति एवढीच : औषध लावलेलें बियाणें घरच्या धान्यांत मिसळूं नये, त्याची रिकामी पिशवी धान्यास वापरूं नये, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस व मुलांस त्याचें कारण नीट सांगावें.