भिंत पडली त्या दिवशी मॅच थांबली होती का?

एखादं मैदान बंद झालं असं नेमकं कधी म्हणायचं? कुलूप लागलं की? बुलडोझर आला की? नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर अजून गवत कापलं जातं, खेळपट्टीवर रोलर फिरतो, स्थानिक क्रिकेट चालतं. पण तुमच्या-आमच्यासाठी, म्हणजे तिकीट काढून डबा घेऊन जाणाऱ्या गर्दीसाठी, ते १४ ऑक्टोबर २००७ ला बंद झालं. त्या दिवशी तिथे पुरुषांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना झाला. सायमंड्सने नाबाद १०७ काढले आणि ऑस्ट्रेलिया १८ धावांनी जिंकली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००८ मध्ये, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली ती वर्धा रोडवरच्या जामठ्याला.

माझं संशोधन सार्वजनिक जागांच्या आठवणींवर आहे. घरी कुणी विचारलं की मी सोपं करून सांगते, "लोकांना काय आठवतं आणि कागदावर काय लिहिलंय, हे शेजारी ठेवून बघते." त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर असतं, "मग मला विचार ना, मी होतो तिथे." शेवटी एक दिवस विचारलंच.

आधी कागदावरचा हिशेब. या मैदानावर १९६९ ते २००६ या काळात ९ कसोटी सामने झाले. पहिला ऑक्टोबर १९६९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध. भारत १६७ धावांनी हरला, आणि न्यूझीलंडचा भारतातला हा पहिलाच कसोटी विजय. म्हणजे सुरुवातच अशी! २००४ मध्ये हिरव्यागार खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी हरवलं आणि ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. २००६ च्या शेवटच्या कसोटीत अॅलिस्टर कुक नावाच्या नव्या पोराने पदार्पणातच शतक ठोकलं. पाहुण्यांचं भलं करणारं मैदान होतं म्हणा ना.

बाबांना मात्र यातलं काही सांगायचं नव्हतं. ते थेट १९८७ च्या वर्ल्डकपवर गेले. "रविवार होता. सायकली काढून आम्ही चौघं सकाळीच जाऊन बसलो. चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली, तिन्ही दांड्या उडवल्या. मग गावस्करने अशी हाणामारी केली की काही विचारू नको. आणि ती त्याची शेवटची मॅच बरं का."

आता हे तपासून बघू. हॅट्ट्रिक खरी. रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड, तिघेही त्रिफळाचीत. वर्ल्डकपमधली ती पहिलीच हॅट्ट्रिक. गावस्करचं शतकही खरं. ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं एकुलतं एक शतक. न्यूझीलंडच्या २२१ धावा भारताने ३२.१ षटकांतच पार केल्या. गटात पहिलं येऊन उपान्त्य सामना मुंबईला खेळायचा तर घाई करणं भागच होतं. पण ३१ ऑक्टोबर १९८७ ला रविवार नव्हता, शनिवार होता. आणि गावस्करची ती शेवटची मॅचही नव्हती. शेवटची झाली मुंबईला, ५ नोव्हेंबरला, इंग्लंडविरुद्ध. ती आपण हरलो.

बाबांना हे सांगितलं तर ते थोडे चिडलेच. "तू होतीस का तिथे?" मग जरा थांबून म्हणाले, "शनिवार असेल. हो, ऑफिसला दांडी मारली होती. पण अख्ख्या गावाला सुट्टीच वाटून राहिली होती त्या दिवशी."

इथे संशोधक म्हणून मोह होतो, की चूक सापडली, दुरुस्त करा, पुढे चला. मौखिक इतिहास, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास, वेगळं काहीतरी शिकवतो. इटलीत टेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. तिथे १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. अनेक वर्षांनी आलेसांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने गावकऱ्यांना विचारलं, तर कित्येकांनी सांगितलं की तो १९५३ मध्ये मेला, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात. पोर्तेल्लीचं म्हणणं असं की ही विसरभोळेपणाची गोष्ट नाही. कपातीचा घाव गावाला जास्त खोल लागला होता, म्हणून लोकांनी त्या मृत्यूला तिथे नेऊन बसवलं. चूक कुठे झाली यापेक्षा ती कोणत्या दिशेने झाली, ते बघायचं.

बाबांच्या चुका बघा मग. शनिवारचा रविवार झाला, कारण गावभर सुट्टी होती. गावस्करची शेवटची मॅच नागपुरात झाली, कारण मुंबईतली हार कुणाला ठेवायची होती?

एवढ्यावर हा लेख गोड संपला असता. पण मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि १९९५?"

नोव्हेंबर १९९५, पुन्हा न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामना. दोन डावांमधल्या सुट्टीत स्टँडमधली एक भिंत कोसळली आणि मॅच बघायला आलेली माणसं तिच्याखाली सापडून मेली. बाबा त्या दिवशी मैदानात नव्हते, घरी टीव्हीसमोर होते. ते म्हणाले, "हो, भिंत पडली ना. मग मॅच बंद केली होती."

नाही, बंद केली नव्हती. न्यूझीलंडने ८ बाद ३४८ केल्या होत्या, अॅस्टल आणि केर्न्स दोघांची शतकं. सुट्टीनंतर भारत खेळायला उतरला, २४९ वर सगळे बाद झाले आणि आपण ९९ धावांनी हरलो. स्कोअरकार्ड पूर्ण आहे. त्यात भिंत नाही, माणसं नाहीत.

मी हे बाबांना सांगितलं. या वेळी ते चिडले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "थांबवायला पाहिजे होती ना पण."

१९८७ च्या वेळी मी आकडे दाखवून बाबांना दुरुस्त केलं होतं. इथे दुरुस्त कोणाला करायचं? आकडा खरा आहे, शंकाच नाही. पण सामना पूर्ण झाला एवढंच लिहून ठेवलं, तर त्या दिवसाचा इतिहास अर्धाच राहतो. मॅच थांबायला हवी होती, हे एका प्रेक्षकाला मनोमन इतकं पटलं होतं की त्याच्या आठवणीत ती थांबली. हेही माझ्या वहीत जायला हवं. जुन्या मैदानाबद्दल बोलताना आपण गावस्कर काढतो, हॅट्ट्रिक काढतो. १९९५ विचारल्याशिवाय कोणी काढत नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाहीये. जामठ्याचं मैदान मोठं आहे, मोकळं आहे, आणि २०१८-१९ मध्ये विदर्भाने सलग दुसरी रणजी जिंकली ती तिथेच. फक्त सीताबर्डीवरून पायी जाऊन परत येता येईल अशी ती जागा नाही. मेट्रोसुद्धा सध्या खापरीपर्यंतच नेते. जुन्या मैदानाची आठवण सांगताना लोक सायकलीपासून सुरुवात का करतात, ते मला आता कळतंय.

तर राजेहो, एक विनंती. घरात कोणी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर गेलेलं असेल, तर त्यांना बसवून विचारा आणि ते बोलतील तसंच्या तसं लिहून घ्या. तारीख नंतर तपासा. जुळली नाही, तर खोडू नका. शेजारी खरी तारीख लिहा आणि दोन्ही ठेवा. आणि १९९५ बद्दल नक्की विचारा.