‘ब-दोन’ म्हणजे पास का?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूरचा फाटा आणि कापूरहोळ मागे पडले की महामार्गालगत किकवी लागते. भोर तालुक्यातले हे गाव. काही वर्षांपूर्वी १ मे रोजी आम्ही तिथल्या एसटीच्या थांब्यावर उभे होतो. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की वार्षिक निकाल वाटायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. थांब्यावर सातवीतला एक मुलगा आणि त्याची आजी होती. आमच्या खांद्यावरच्या पिशव्या आणि हातातली कागदांची चळत पाहून आजींनी आम्हाला बरोबर ओळखले.

“गुरुजी, येवढं बघा. ब-दोन लिवलंय. म्हंजी पास का?”

“पास आहे आजी. आठवीत गेला.”

“नंबर कितवा?”

“आता नंबर काढत नाहीत.”

“मग गणितात बरा हाय का कच्चा?”

गणितासमोरही ब-दोनच होते. शंभरापैकी ६१ ते ७० गुण, असा त्याचा अर्थ आम्ही सांगितला. आजींनी मान डोलावली, पण त्यांचा प्रश्न सुटला नव्हता. खरे सांगायचे तर आमचाही सुटला नव्हता. नातवाला अपूर्णांकांचा भागाकार जमतो की नाही, हे त्या कागदावरून आम्हालाही सांगता येत नव्हते. मग तो कागद नेमका कोणासाठी लिहिलेला होता? आपल्याकडच्या शाळांनी घरांना आजवर काय काय आणि कसे कळवले, हे या प्रश्नामुळे आम्ही पाहू लागलो.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत कागदाची गरजच नव्हती. शाळा कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात भरे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी पाठांतरे मुले मोठ्याने म्हणत आणि ती गल्लीभर ऐकू जात. पंतोजींचा मोबदला पालकच देत, बहुधा धान्याच्या किंवा थोड्याशा रोख पैशाच्या रूपाने. मुलाला मोडी वाचता येऊ लागले की नाही, हे घरातल्या हिशेबाच्या वहीवर ताबडतोब तपासता येई. शाळा आणि घर यांच्यातले अंतर इतके कमी होते की ‘कळवणे’ हे वेगळे काम नव्हते. अर्थात, हे कोणत्या घरांबद्दल आपण बोलतो आहोत ते विसरून चालणार नाही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले त्या ओसरीवर नव्हतीच. त्यामुळे त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही.

त्या मुलांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या, तेव्हा गावाला काहीतरी दाखवून देणे भागच होते. मुली शिकू शकतात यावर लोकांचा विश्वास नव्हता. त्या काळी जाहीर परीक्षेची पद्धत होती. सर्वांसमक्ष मुलांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. १८५३ साली पुण्यात मुलींच्या शाळांची अशी परीक्षा झाली तेव्हा पाहणाऱ्यांची मोठी गर्दी लोटली होती. याच शाळांत शिकलेल्या, मातंग समाजातील मुक्ताबाईचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. मुक्ताबाईला किती गुण पडत होते, हे कोणी विचारत नाही. तिला काय येत होते ते निबंधातच दिसते.

याच सुमारास दुसरी व्यवस्था उभी राहत होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. शाळा तपासायला डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर येऊ लागले. खेड्यातल्या लोकांनी त्यांचे ‘दिपोटी’ करून टाकले. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. वाचन, लेखन, गणित यांत किती मुले उत्तीर्ण, तितके पैसे. निकालावर अनुदान देण्याची ही कल्पना पुढे मुंबई इलाख्यातही आली. येथे एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या ज्ञानाचा आकडा कागदावर लिहिला जाऊ लागला तो मुख्यतः सरकारी खजिन्यासाठी. दिपोटीचा शेरा शेरेबुकात राही आणि आकडा खात्याकडे जाई. घराकडे जाण्याची वाट त्याला नव्हतीच.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले हे आपल्याला ठाऊक असते. त्याच निवेदनात शिक्षकाविषयीही एक मागणी आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा, इच्छा त्यांना समजतील. शाळेचा निरोप घरी पोचायचा असेल तर तो नेणारा माणूस कसा हवा, याचा विचार त्यात दिसतो.

सक्ती आली, पण ती नंतर आणि दंडासकट. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला कोल्हापुरात दरमहा एक रुपया दंड होता. पुढे १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानेही गैरहजेरीबद्दल पालकांना जबाबदार धरले. हेतू चांगलाच होता. परंतु अनेक घरांत शाळेकडून आलेला पहिला कागद हा नोटिशीचा असणार. शाळेतून बोलावणे आले की आजही पालकाच्या पोटात गोळा येतो, त्याचे मूळ कदाचित इथे असेल.

एक खूण मात्र घरांना पक्की कळत होती, ती म्हणजे सातवीची ‘फायनल’. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठी होऊ शके. “आमचा आजा जुनी फायनल झालेला” हे वाक्य भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरही अभिमानाने ऐकायला मिळते. ती परीक्षा किती मुलांना बाहेर फेकत होती हा भाग वेगळा. पण तिचा अर्थ सांगायला कोणी गुरुजी लागत नव्हता.

विसाव्या शतकात प्रगतिपुस्तक रुळले. चाचणी, सहामाही, वार्षिक असे रकाने, नापास विषयाखाली लाल रेघ, वर्गातला क्रमांक आणि शेवटी ‘पालकाची सही’. (या सहीने मुलांना हस्ताक्षराचे जेवढे शिक्षण दिले तेवढे शुद्धलेखनाने दिले नसेल.) ज्या घरात सहीच्या जागी अंगठा होता, तिथे ते पुस्तक मुलानेच वाचून दाखवायचे. म्हणजे आरोपीनेच निकालपत्र वाचायचे! या अडचणीवर एक मोठा प्रयत्न किकवीपासून फार दूर नव्हे, नीरा नदीच्या पलीकडे झाला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. शाळेतलेच शिक्षक रात्री प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ मध्ये तिला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. जो पालक त्या वर्गाला बसला, त्याने मुलाची शाळा आतून पाहिली.

आता थोडे गुणांविषयी. आपण विज्ञान शिकवताना मुलांना सांगतो की एककाशिवाय मोजमापाला अर्थ नाही. ‘लांबी सात’ असे कोणी लिहिले तर आपण गुण कापतो. मग ‘गणित ६४’ याचे एकक कोणते? क्रमांकाचीही तीच गत. तिसरा क्रमांक हे इतर मुलांच्या तुलनेतले स्थान झाले. वर्ग बदलला की तोच मुलगा विसावा. आणि मोजपट्टी तरी किती ताठ आहे? १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरापैकी सर्वांत कमी गुण २८ मिळाले, सर्वांत जास्त ९२. आणि हे निबंधात नव्हे, भूमितीत.

म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, तेव्हा आमच्यासारख्यांना आनंद झाला. गुण-क्रमांकाऐवजी श्रेणी, आणि सोबत वर्णनात्मक नोंदी. कल्पना अशी की अक्षर ढोबळ राहील आणि खरी माहिती नोंदीत येईल. प्रत्यक्षात पन्नास मुलांच्या वर्गात ‘उपक्रमात सहभागी होतो’, ‘अक्षर सुधारावे’ अशी तयार वाक्ये पानापानावर उतरली. नोंदी करणारे आम्हीच होतो, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. त्याच कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले होते. ती तरतूद २०१९ मध्ये सैल झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. या दरम्यानच्या काळात पालकाच्या हातून पास-नापासची जुनी खूण गेली आणि नवी खूण त्याला वाचता येत नव्हती.

हे सर्वांत अवघड होते ते पाचवी ते आठवीच्या टप्प्यावर. चौथीपर्यंत वाडीवरच्या शाळेत एक किंवा दोन गुरुजी किंवा बाई असतात. त्यांना घर माहीत असते, आईने विहिरीवर गाठले तरी पोराची चौकशी होते. पुढे अनेक मुले मोठ्या गावातल्या माध्यमिक शाळेत एसटीने जातात. तिथे विषयागणिक शिक्षक, तासागणिक घंटा. घरचा अभ्यास कोणता, प्रयोगवही कधी द्यायची, हे आता मुलगाच सांगणार. याच वयात मुले घरी कमी बोलू लागतात, हे सांगायला मानसशास्त्र नको.

शिक्षण हक्क कायद्यातले कलम २४ आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगावी, असे ते म्हणते. कायद्याने हे काम शिक्षकाच्या तोंडी दिले आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया.

परंतु सांगितले की काम झाले, असे समजू नये. या बाबतीत दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ संस्था आणि काही अर्थशास्त्रज्ञ यांनी २८० गावांत प्रयोग केला. तिथे ग्राम शिक्षण समित्या कागदावर होत्या, पण दहापैकी नऊहून अधिक पालकांना त्यांचा पत्ता नव्हता. समितीच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते. काही गावांत बैठका घेऊन माहिती दिली. काही गावांत गावकऱ्यांनीच मुलांचे वाचन तपासून गावाचे प्रगतिपत्रक बनवले. या दोन्हींनी मुलांचे वाचन सुधारले नाही. सुधारले ते तिसऱ्या गटात, जिथे माहितीसोबत गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घ्यायला शिकवले. दुसरा अभ्यास पाकिस्तानी पंजाबातल्या ११२ खेड्यांतला. तिथे मुलाचे गुण आणि गावातल्या सगळ्या शाळांचे गुण पालकांना दिले, तर शिकणे सुधारले आणि खाजगी शाळांची फी उतरली. फरक का पडला असेल? त्या खेड्यांत एकाहून अधिक शाळा होत्या. माहिती हाती आल्यावर पालकाला काही करता येत होते. जिथे एकच शाळा आणि एकच एसटी, तिथे त्याने काय करायचे?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाइलवरचे गट सुरू झाले. ते आजही आहेत. सूचना क्षणात जाते, पण ती जाते वडिलांच्या फोनवर, आणि वडील शिरवळच्या कारखान्यात पाळीवर असतात. आजींकडे काहीच पोचत नाही. पालकसभेचेही तसेच. भाताच्या लावणीच्या दिवसांत सकाळी ११ ला बोलावले तर येणार कोण? संध्याकाळी सातला, वाडीवरच्या देवळात सभा ठेवली तर आया येतात, आज्याही येतात, असा आमचा अनुभव आहे.

२००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलाच्या घरी जाऊन, उंबऱ्यातच त्याच्यापुढे चार ओळींचा उतारा ठेवतात. आई शेजारी उभी असते. मूल वाचते किंवा अडखळते, आणि आईला अक्षरओळख नसली तरी अडखळणे ऐकू येते. आम्हाला यात पंतोजींच्या ओसरीची आठवण होते. देवळातल्या सभेत आम्ही आता प्रगतिपत्रक शेवटी वाटतो. आधी प्रत्येक मूल घरच्यांसमोर एक गोष्ट करून दाखवते. सातवीतला मुलगा वीजबिल वाचून गेल्या महिन्यापेक्षा किती युनिट वाढले ते सांगतो. सहावीतली मुलगी पाऊण लिटर दुधाचे दाम काढते. न जमल्यास तेही दिसते, आणि मग रोज घरी काय विचारायचे ते आम्ही त्या घरापुरते एकच सांगतो. एका सभेत पंधरा-सोळाच मुले होतात, बाकीची पुढच्या आठवड्यात. वेळ लागतो.

किकवीच्या थांब्यावर त्या दिवशी एसटी यायला चांगला अर्धा तास होता. आजींच्या पिशवीत बाजार होता आणि वाण्याची चिठ्ठीही. ती चिठ्ठी नातवाच्या हातात द्यायचे आम्हाला सुचले नाही.