प्राथमिक आरोग्य केंद्र

भारताच्या ग्रामीण भागात शासनाच्या खर्चाने चालणारे पायाभूत आरोग्य सेवेचे ठिकाण. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 च्या अहवालात अशा केंद्रांची शिफारस केली. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्यामागचे तत्त्व होते. 1952 पासून सामूहिक विकास कार्यक्रमातून केंद्रे उभी राहू लागली.

सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. त्याखालील उपकेंद्रांसाठी हे प्रमाण अनुक्रमे 5,000 आणि 3,000 आहे. केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाह्यरुग्ण तपासणी, बाळंतपण, कुटुंबनियोजन व साथरोग नियंत्रणाची कामे चालतात. लसीकरणाच्या दिवशी येथील शीतकपाटातील लसी बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून गावोगावी जातात; आरोग्यसेविका लस टोचते, तर आशा कार्यकर्ती घरोघरच्या मुलांना घेऊन येते.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने खर्चाचा मुख्य भार राज्यांवर असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. महाराष्ट्रात ही केंद्रे जिल्हा परिषदांकडे, तर ग्रामीण व जिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. डॉक्टरांची रिक्त पदे आणि औषधांचा अनियमित पुरवठा या व्यवस्थेच्या प्रमुख अडचणी होत.